कर्ता कोण?

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेनऊ. खामगावात नांदुरा रोडच्या आतल्या गल्लीत सरांच्या बैठकीत सतरंजीवर कागदच कागद पसरलेत. उघड्या दारातून गार वारा येतोय, म्हणून सरांनी एका गठ्ठ्यावर अडकित्ता ठेवलाय, दुसऱ्यावर चष्म्याचं घर आणि तिसऱ्यावर काकूंच्या खलाचा बत्ता. मॅडम स्वेटर काढायला तयार नाहीत. पहिल्या एसटीनं घाट उतरून आल्यात. बोथ्याच्या जंगलात इतकं धुकं होतं की ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली म्हणतात.

मी त्यांच्या शेजारी बसलेय. आमची ओळख पेपर तपासणीच्या केंद्रावरची. मी घाटाखालच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, त्या घाटावरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र. कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. आम्ही आज लिहायला बसलोय त्या तक्रार अर्जात ते आहे, आणि ते तिथंच असायला हवं.

"तारखा सांगा," सर म्हणतात. "गोष्ट मंग ऐकतो."

मॅडम तरी गोष्टच सांगू लागतात. त्या दिवशी केबिनमध्ये काय झालं, कोण काय म्हणालं, कोण हसलं. सर मान हलवत ऐकतात, मध्ये तोडत नाहीत. पण हातातलं पेन कागदाला टेकवत नाहीत. दोन वर्षं मनात साचलेलं आहे, ते आधी बाहेर पडू द्यावं लागतं हे त्यांना ठाऊक आहे. मॅडमचा आवाज थोडा बसतो तेव्हा काकू आतून ताटभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून मधोमध ठेवतात. "आधी खाऊन घ्या, मंग भांडा त्यायच्याशी."

शेंगा सोलता सोलता तारखा निघू लागतात.

ऑगस्ट २०१९, रुजू. पीएचडी आधीच झालेली, त्यामुळं चार वर्षांची सेवा झाली की पहिली स्थाननिश्चिती, म्हणजे ऑगस्ट २०२३. उद्बोधन वर्ग झालेला, उजळणी वर्ग झालेला, दोन्ही प्रमाणपत्रं फाइलला. प्रस्ताव दिला सप्टेंबर २०२३ मध्ये. स्मरणपत्र मार्च २०२४. दुसरं स्मरणपत्र जानेवारी २०२५. उत्तर फेब्रुवारी २०२५, एका ओळीचं.

ज्यांना स्थाननिश्चिती म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सहायक प्राध्यापक दहाव्या वेतनस्तरावर लागतो, तिथलं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. अकराव्या स्तराची सुरुवात ६८,९०० पासून. या एका पायरीसाठी प्रस्ताव आधी कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाकडून तपासून घ्यायचा, मग छाननी समितीपुढं न्यायचा, त्या समितीवर कुलगुरूंनी नेमलेला तज्ज्ञ असतो, आणि शेवटी सहसंचालक कार्यालयातून वेतननिश्चिती. पण ही सगळी चाकं फिरायची तर आधी प्राचार्यांनी प्रस्ताव पुढं सरकवावा लागतो. तो टेबलावरून उठलाच नाही तर पुढच्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. नाकारला असता तर नकाराविरुद्ध दाद मागता आली असती. इथं नकारही नाही.

"पोच कुठाय?" सर विचारतात.

मॅडम फाइल उलटसुलट करतात. सप्टेंबरच्या प्रस्तावावर पोच नाही. मार्चच्या स्मरणपत्रावरही नाही. "बाबू म्हणाला, ठेवून जा मॅडम, शिक्का नंतर मारून देतो. मी ठेवून आले. रोज तोंड पाहायचं असतं त्याचं. अविश्वास कसा दाखवायचा?"

जानेवारीच्या स्मरणपत्रावर मात्र शिक्का आहे. निळा, अर्धवट उमटलेला, तारखेतला एक आकडा पुसट. सर तो कागद उजेडात धरतात, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेतात. मग हलकेच खाली ठेवतात आणि अडकित्ता उचलून नेमका त्याच्यावर ठेवतात.

"हा एक कागद हाये. बाकीचे तुमचे शब्द हायेत."

मला त्या वाक्यानं आत कुठंतरी लागतं. कारण माझ्याही कपाटात असे बिनशिक्क्याचे कागद आहेत. ओळखीपाळखीच्या गावात, जिथं प्राचार्य, बाबू आणि प्राध्यापक एकाच लग्नात पंगतीला बसतात, तिथं पोच मागणं म्हणजे भांडण काढणं असं आपण स्वतःच ठरवून टाकलंय. आणि पोच न मागितल्यानं भांडण टळत नाही, फक्त ते आपण हरलेलं असतं.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नुटाचे जुने कार्यकर्ते. नाव नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाचं, पण अमरावती विद्यापीठ १९८३ साली वेगळं झालं तरी आपल्याकडच्या पाची जिल्ह्यांत प्राध्यापकांची संघटना म्हटलं की नुटाच. प्रा. बी. टी. देशमुखांनी विधान परिषदेत आणि संघटनेच्या बुलेटिनमधून प्राध्यापकांना शासन निर्णय वाचायची सवय लावली. सरांची पिढी त्या शाळेतली. आतल्या खोलीत बुलेटिनांचे बांधलेले गठ्ठे आहेत, वर्षवार, सुतळीनं आवळलेले. २०१३ साली परीक्षेच्या कामावरच्या बहिष्कारात ७१ दिवसांचा पगार अडला तेव्हाची कात्रणंही त्यातच. काकू त्या दिवसांबद्दल एवढंच म्हणतात, "तेव्हा किराणावाला बरा होता बाप्पा."

कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन एक तरुण बसलाय. मॅडमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. टायपिंग चांगलं म्हणून मॅडमनी त्याला बरोबर आणलंय. तो बोलत नाही. शेंगांची टरफलं सगळ्यांची गोळा करून वर्तमानपत्रात घालतो.

सर त्याला सांगतात, "लिहा भाऊ. प्रति, अध्यक्ष, तक्रार निवारण समिती, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ."

मग मॅडमकडं वळून समजावतात. २०१६ चा विद्यापीठ कायदा, कलम ७९. शिक्षक आणि इतर कर्मचारी, विद्यापीठातले तसे कॉलेजांतलेही, यांच्या तक्रारींसाठी ही समिती. जुन्या १९९४ च्या कायद्यात कलम ५७ खाली अशीच समिती होती, पण तिचे अध्यक्ष प्र-कुलगुरू असत. आता निवृत्त न्यायाधीश, जिल्हा न्यायाधीशाच्या खालचा नाही. तक्रार दाखल झाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निपटारा व्हावा असं कायदाच म्हणतो. कामावरून काढलं, पदावनत केलं, तर तो मामला या समितीचा नाही. ते कलम ८० आणि ८१, न्यायाधिकरण. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील. आणि राज्य शासनाविरुद्ध, त्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार असेल तर तीही या समितीच्या कक्षेबाहेर.

"म्हणजे सहसंचालक कार्यालयाबद्दल काही लिहू नका," सर म्हणतात. "तुमचा कागद तिथवर गेलाच नाही. जो जिथं अडला तिथलंच नाव."

मॅडमना हे पटायला वेळ लागतो. त्यांच्या मनात सगळंच एक होऊन गेलंय. संस्था, प्राचार्य, विद्यापीठ, शासन, असं एक मोठं धुकं, बोथ्याच्या जंगलासारखं. सर त्यातून एकेक झाड वेगळं करून दाखवतात.

आता ते फेब्रुवारीचं उत्तर वाचायला घेतात. मोठ्यानं. "आपला प्रस्ताव विचाराधीन ठेवण्यात आला असून योग्य वेळी कळविण्यात येईल."

वाचून माझ्याकडं पाहतात. "मराठीच्या मॅडम, याच्यात कर्ता कोण?"

मी क्षणभर वर्गात असल्यासारखी विचार करते आणि मग अंगावर काटा येतो. कर्ता नाही. ठेवण्यात आला. कळविण्यात येईल. वीस वर्षं मी हा प्रयोग फळ्यावर लिहून मुलांना समजावतेय, त्याचं हे रूप कधी असं समोर आलं नव्हतं. कुणी ठेवला? कोण कळवणार? योग्य वेळ कुणाची? एक सबंध वाक्य आहे, खाली सही आहे, जावक क्रमांक आहे, आणि आत माणूस नाही. कार्यालयीन मराठीची ही सवय आपल्या हाडीमाशी इतकी खिळलीय की ज्याच्यावर अन्याय झाला तोही तसंच लिहितो. मॅडमनी घरून लिहून आणलेला कच्चा अर्ज मी उचलते. पहिलंच वाक्य: माझ्यावर सातत्याने अन्याय करण्यात येत आहे.

मी ते वाचून दाखवते. मॅडमचा चेहरा उतरतो, मग हळूहळू त्यांच्या लक्षात येतं.

"काढा ते," सर म्हणतात. "अन्याय, छळ, मानसिक त्रास, आकसबुद्धी, हे सारे शब्द काढा. खरे हायेत, माह्या मनात शंका नाही. पण न्यायाधीशाले अन्याय दाखवा लागते, सांगून चालत नाही. कोणी, कोणत्या तारखेला, काय केलं, नाहीतर काय केलं नाही. बस."

तासभर हेच चालतं. मॅडम एक वाक्य सांगतात, सर त्यातला कर्ता शोधतात, मी क्रियापद जागेवर आणते आणि तो तरुण टाइप करतो. "प्रस्ताव सादर करण्यात आला" याचं "मी प्रस्ताव सादर केला" होतं. "प्रलंबित ठेवण्यात आला" याचं "प्राचार्यांनी आजपर्यंत तो गुणवत्ता कक्षाकडे पाठवला नाही" होतं. हे दुसरं वाक्य स्क्रीनवर उमटतं तेव्हा मॅडम जरा मागं सरकून बसतात. स्वतःच्या प्राचार्यांना वाक्याच्या सुरुवातीला बसवलेलं त्या पहिल्यांदाच पाहतायत.

एका तारखेवर मात्र अडतं. कॉलेज विकास समितीवर त्या शिक्षकांमधून निवडून आलेल्या आहेत. ऑगस्ट २०२३ च्या बैठकीत त्यांनी एका शुल्काचा हिशेब मागितला होता आणि आपला प्रश्न इतिवृत्तात घ्या म्हणून आग्रह धरला होता. "त्याच्यामुळंच सगळं झालं," त्या म्हणतात. "ते लिहायचंच."

"पुरावा?"

"पुरावा काय असणार सर, सगळ्यांना माहीत आहे."

सर थोडा वेळ गप्प राहतात. दारातून एक मांजर येऊन उन्हाच्या पट्ट्यात बसतं. मग म्हणतात, "बैठकीची तारीख लिहा. इतिवृत्ताची प्रत जोडा. तिच्या खालच्या ओळीत प्रस्ताव दिल्याची तारीख लिहा. मधात 'त्यामुळे' लिहू नका. वाचणारा आंधळा नसते."

तो 'त्यामुळे' मॅडमना सोडवत नाही. टाइप होतो, खोडला जातो, परत येतो. शेवटी त्या स्वतः लॅपटॉपकडं हात नेऊन त्या तीन अक्षरी शब्दाचं ओझं पुसून टाकतात.

आणि आणखी एक वाक्य आहे, ते त्या अजून बोललेल्याच नाहीत. काकू चहाचे कप उचलायला येतात तेव्हा ते बाहेर पडतं, सरांकडं न पाहता, काकूंकडं पाहून. जानेवारीचं स्मरणपत्र द्यायला गेल्या होत्या तेव्हा केबिनमध्ये तिघेजण होते आणि प्राचार्य म्हणाले होते, तुम्हाला काय गरज मॅडम, घर तर मिस्टरांच्या पगारावर चालतं.

काकूंच्या हातातला कप बशीवर वाजतो.

सर म्हणतात की बाईमाणसाला बाई म्हणून अपमानित वाटेल असं काही लैंगिक स्वरूपाचं कुणी बोललं, वागलं, तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत तक्रार समिती आहे, पण तिथं तीन महिन्यांची मुदत असते. हे बोलणं त्यात बसेल का, हा वकिलाला विचारायचा प्रश्न. या अर्जात मागणी स्थाननिश्चितीची. हे वाक्य मागणीला धरून नाही.

"मला ते अर्जात पाहिजे," मॅडम म्हणतात. आवाज बिलकूल चढलेला नाही. "पैसे मिळाले नाही तरी चालेल सर. पण ते कुठंतरी लिहिलेलं पाहिजे."

सर काकूंकडं बघतात. काकू काही म्हणत नाहीत, कप घेऊन उभ्या आहेत.

"परिच्छेद सात," सर तरुणाला सांगतात. "दिनांक टाका. जागा टाका. हजर माणसायची नावं टाका. अन् जसंच्या तसं, अवतरणात."

मला वाटतं, सर इथं कायद्याच्या माणसापेक्षा मोठे होतात. तक्रार कशाची हे शेवटी ज्याला लागलंय त्यानं ठरवायचं असतं. वेतनस्तराची तक्रार समिती निवारू शकेल. पण मॅडमनी ती हे वर्षभर छातीशी धरली ती त्या एका वाक्यामुळं, आणि ते वाक्य वगळून पाठवलेला अर्ज त्यांचा राहिला नसता.

दुपारी प्रती निघतात. जोडपत्रांना आकडे घातले जातात. निघता निघता तो तरुण पहिल्यांदाच काहीतरी विचारतो. "सर, आम्ही या समितीकडं जाऊ शकतो का? तासिकावाले?"

सर कायद्याचं पुस्तक त्याच्यापुढं करतात आणि व्याख्यांच्या पानावर बोट ठेवतात. 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या सुरू होते ती पूर्णवेळ, मान्यताप्राप्त या शब्दांनी. ग्रंथपाल त्यात आहेत, शारीरिक शिक्षणाचे संचालक आहेत. तो खालपर्यंत वाचतो, पुन्हा वरून वाचतो. बीएला एकाच वर्षात मॅडमचे आणि याचे तास लागून असतात. तोच फळा, तीच मुलं.

"प्राचार्यायले अर्ज देता येते, विद्यापीठाले देता येते, कोर्ट हाये," सर सांगतात. त्यांच्या आवाजातलं बळ मघासारखं नाही. "पण पुढच्या जूनमध्ये नेमणूक द्यायची का नाही, ते त्यायच्याच हातात राह्यते ना भाऊ."

तो पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत करतो.

सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. मी किरकोळ रजा टाकून घाट चढून आलेय. कॉलेजच्या कार्यालयाच्या आवक खिडकीसमोर आम्ही दोघी उभ्या आहोत. आतल्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी, खाली लोखंडी कपाटं, कपाटांवर उत्तरपत्रिकांचे जुने गठ्ठे. तरुण आज बरोबर नाही. त्यानं येऊ नये असं मॅडमनीच त्याला सांगितलंय. अर्ज प्राचार्यांमार्फत द्यायचा आणि अग्रिम प्रत थेट विद्यापीठाला पोस्टानं, असं ठरलंय.

बाबू अर्ज घेतो, वरची ओळ वाचतो आणि खिडकीतून मॅडमकडं बघतो. "ठेवून जा मॅडम. साहेब आले की दाखवतो."

"पोच पाहिजे भाऊ."

"देतो ना. नंतर."

"मी थांबते."

एवढंच. दोन शब्द. पण मी शेजारी उभी आहे म्हणून मला दिसतं की खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली त्यांची बोटं पांढरी पडलीत.

बाबू अर्ज वाचू लागतो. घाई करत नाही. परिच्छेद सातला त्याचे ओठ हलायचे थांबतात. त्या दिवशी केबिनमध्ये असलेल्या तिघांत तोही होता. त्याचं नाव तिथं लिहिलेलं आहे. मागं कुठंतरी प्रिंटर खरखरतो. एक मुलगी टीसीसाठी येते, आमच्या मागं उभी राहते आणि काहीतरी चाललंय हे ओळखून दोन पावलं मागं सरते.

"हे असंच म्हणले होते," तो हळूच म्हणतो. आम्हाला म्हणतो की स्वतःला, कळत नाही.

मग ड्रॉवर उघडतो. शिक्का काढतो. पॅड वाळलेलं आहे. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन तो बोटानं दोन-तीन थेंब पॅडवर सोडतो, चोळतो, रद्दी कागदावर एकदा उमटवून बघतो. नीट येत नाही. तारखेचं चाक टोकदार पेन्सिलीनं फिरवतो, ते शनिवारवर अडकलेलं आहे. पुन्हा दाबतो. आता येतं. अर्ज सरळ करतो आणि आमच्या प्रतीवर, उजव्या कोपऱ्यात, दोन्ही हातांनी शिक्का दाबून धरतो.

आवक वहीत नोंद करतो. क्रमांक प्रतीवर लिहितो. त्याच्याखाली सही करतो, आणि सहीखाली, कुणी न सांगता, कंसात पूर्ण नाव.

प्रत देताना त्याचं बोट दुसऱ्या पानावर थांबतं. "मॅडम, इथं 'शिक्षक व इतर कर्मचारी' लिहिलंय. म्हणजे आमच्यासाठीबी आहे का हे?"

"आहे."

"माझ्या सेवापुस्तकात चार वर्षांच्या नोंदी नाहीत," तो म्हणतो. एवढ्यात आतली बेल वाजते. तो उठतो, आणि उठता उठता वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं ७९ लिहून तो तुकडा फाडून खिशात टाकतो.

पोस्टात गर्दी आहे. रजिस्ट्री म्हणून आयुष्यभर जे करत आलो ते आता नाही; २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टातच गेली. खिडकीवरच्या बाई पाकिटाचं वजन करतात, पिन कोड विचारतात, पत्त्यावरचं विद्यापीठाचं नाव वाचून पुन्हा एकदा मॅडमकडं पाहतात आणि पावती देतात. मॅडम बाकावर बसून फाइल उघडतात. पिशवीतून पंच काढतात, पावतीला भोक पाडतात आणि लाल दोऱ्यात ओवतात. पोचेची प्रत तिच्यावर. बाकीचे जुने, बिनशिक्क्याचे कागद खाली.

फोन वाजतो. सर.

"दिला का?"

"दिला सर. शिक्का मिळाला. आवक नंबर पण मिळाला."

"सही कोणाची हाये?"

मॅडम फाइल मांडीवर घेतात, चष्मा लावतात आणि शिक्क्याखालचं नाव वाचून दाखवतात. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव.